परतीच्या गाडीचं काय?

डेव्हिड लिंचच्या 'द स्ट्रेट स्टोरी'मध्ये एक प्रश्न कोणीच विचारत नाही. तो मला पहिल्यांदा सिनेमा पाहताना सुचला नव्हता. गावाकडून एका विषयावर सारखे फोन यायला लागले, तेव्हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि मग तो प्रश्न सोडेना. या लेखात त्या प्रश्नाकडेच जायचंय, पण आधी सिनेमा.

१९९९ सालचा हा सिनेमा. लिंचचे बाकीचे सिनेमे पाहिलेल्यांचा हा त्याचाच यावर विश्वास बसत नाही. यात खून नाही, भयाण स्वप्नं नाहीत. अमेरिकेत तो चक्क डिस्नेनं वितरित केला. गोष्ट खरी घडलेली आहे. १९९४ साली आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावचा अल्विन स्ट्रेट नावाचा ७३ वर्षांचा म्हातारा शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या आजारी भावाला भेटायला निघाला. अंतर सुमारे २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरच्या आसपास. डोळे अधू, कंबरेतून धड उभं राहता येत नाही, गाडीचं लायसन नाही. मग त्यानं काय केलं? बसून चालवायचं गवत कापायचं मशीन असतं, साधारण आपल्याकडच्या लहान ट्रॅक्टरसारखं दिसणारं, त्याच्यामागे ट्रेलर जोडला आणि ताशी सात-आठ किलोमीटरच्या वेगानं, रस्त्यात मुक्काम करत, काही आठवड्यांनी भावाच्या दारात पोचला.

सिनेमाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एकच सूर असतो: बघा, माणसाची जिद्द. अल्विनचं काम करणारा रिचर्ड फार्न्सवर्थ शूटिंगच्या काळात कॅन्सरशी झुंजत होता, ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. त्यामुळे जिद्दीच्या गोष्टीला आणखी वजन येतं. यूट्यूबवर या सिनेमाच्या तुकड्यांखाली लोक आपापल्या आजोबांच्या आठवणी लिहितात. मलाही सिनेमा आवडतो. पण आपल्या घरात ८०-८५ वर्षांचा माणूस गाडी चालवत असेल, तर हा सिनेमा जिद्दीच्या गोष्टीपेक्षा वेगळा दिसायला लागतो.

हरणं आणि ब्रेक

सिनेमात मधेच एक बाई येते. ती अल्विनला ओव्हरटेक करून भरधाव पुढे जाते आणि लगेच तिच्या गाडीखाली हरीण येतं. गाडीतून उतरून ती आकांत करते. सात आठवड्यांत तिच्याकडून १३ हरणं मेलीत. हॉर्न वाजवून झाला, लाइट मारून झाले, काही उपयोग नाही. कामावर जायला दुसरा रस्ता नाही. रडून झाल्यावर ती पुन्हा गाडीत बसते आणि निघून जाते. अल्विन बघत राहतो.

हा प्रसंग विनोदी म्हणून ओळखला जातो, पण मला तो अख्ख्या सिनेमाचा कणा वाटतो. ज्या बाईकडे लायसन आहे, डोळे आहेत, तरणे हातपाय आहेत, तिच्या हातून जीव जातायत. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो कोणालाही धक्का न लावता चाललाय. फरक वयाचा नाही, वेगाचा आहे.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री इंजिनिअरिंगची आहे, म्हणून एवढं गणित सहन करा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर काही आलं आणि ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर गाडी सात मीटर पुढे जाते. रस्ता ओलांडणारं पोर वाचणं न वाचणं त्या सात मीटरमध्ये ठरतं. अल्विनच्या वेगात तोच अर्धा सेकंद जेमतेम एक मीटरचा होतो. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की धडक निम्मी होत नाही, पाव होते. म्हातारपणी मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, मान वळत नाही, समोरच्या लाइटनं दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. या सगळ्यावर अल्विननं काढलेला तोडगा तंत्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर होता. आपली क्षमता जेवढी उरलीय तेवढ्यावर त्यानं वेग आणून ठेवला.

पण लिंचनं इथे एक सोय करून घेतलीय. एका उतारावर मशीनचा पट्टा तुटतो आणि अल्विन ट्रेलरसकट सुसाट खाली येतो. आपला श्वास अडकतो. खाली गावातले लोक उभे असतात, ते धावत येतात, अल्विन वाचतो, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सुरू. त्या उतारावर कोणी आडवं आलं नाही. आलं असतं, तर ही गोष्ट जिद्दीची राहिली नसती. रस्ता मोकळा ठेवून दिग्दर्शकानं म्हाताऱ्याला नैतिक प्रश्नातून सोडवलंय. आपल्या गावातला रस्ता असा कोणी मोकळा ठेवत नाही.

ड्रायव्हर ठेवा, म्हणजे झालं

दुसरा सिनेमा 'ड्रायव्हिंग मिस डेझी', १९८९चा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. तो सुरूच आपल्या विषयापासून होतो. साल १९४८, अटलांटा शहर. सत्तरी ओलांडलेली श्रीमंत विधवा डेझी गाडी बाहेर काढते आणि थेट शेजाऱ्याच्या आवारात घालते. तिचं म्हणणं, चूक गाडीची. मुलगा म्हणतो, आता तुला कोणी विमा देणार नाही. तो होक नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला ड्रायव्हर म्हणून नोकरीवर ठेवतो. पहिले काही दिवस डेझी गाडीत बसायलाच तयार नसते. पुढे पंचवीस वर्षांची मैत्री वगैरे.

या सिनेमावर वर्णभेदाच्या अंगानं खूप टीका झाली आणि ती योग्यच आहे. त्याच वर्षी आलेल्या स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. माझी तक्रार त्याला लागून आहे. डेझीचा प्रश्न सुटला तो दुसऱ्याच्या श्रमावर, आणि तो श्रम स्वस्त होता म्हणून. होक स्वतः म्हातारा होतो, त्याचे डोळे जातात, त्याची गाडी सुटते. शेवटी त्याला त्याची नात गाडीतून सोडते. डेझीसाठी अख्खा सिनेमा, होकसाठी दोन वाक्यं. होकच्या हातून चाक सुटलं तो दिवस कसा होता, कोणी काढून घेतलं, त्याला काय वाटलं, काहीच कळत नाही.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हाच तोडगा आज ॲपवर मिळतो. आईबाबांच्या नावानं परदेशातल्या मुलानं कॅब बुक करायची, लोकेशन आपल्या मोबाइलवर बघायचं. वाईट काहीच नाही त्यात. पण कॅब येते तिथेच तो तोडगा चालतो. माझ्या गावात येत नाही.

न सांगता काढलेली सायकल

आपल्याकडचा 'पिकू' (२०१५) बहुतेकांनी पाहिलेला असतो. शूजित सरकारच्या या सिनेमात पोट साफ होण्यावर इतकी चर्चा आहे की एक प्रसंग विस्मरणात जातो. सत्तरीचे भास्कर बॅनर्जी दिल्लीहून कोलकात्याला आल्यावर एक दिवस घरात कोणाला न सांगता सायकल काढतात आणि शहरभर फिरतात, रस्त्यावरचं खातात. घरी परतल्यावर मुलगी भडकते. काही वेळानं कळतं की त्यांचं पोट अखेर साफ झालंय. मग एका सकाळी ते झोपेतच गेलेले असतात.

अख्ख्या सिनेमात ते दुसऱ्यांनी चालवलेल्या गाडीत मागे बसून कुरकुर करतात. स्वतः चालवलेलं वाहन एकच, ती सायकल. त्या काही तासांत ते पेशंट नसतात. पण 'पिकू'सुद्धा लिंचसारखीच सोय करून घेतो. भर कोलकात्याच्या गर्दीत त्या सायकलपुढे कोणी येत नाही आणि म्हातारा वेळेवर, शांतपणे, अंथरुणात मरतो. मुलीला पुढच्या वेळी सायकलला कुलूप लावायचं की नाही हे ठरवावं लागत नाही.

चौथा सिनेमा मराठी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. यातले संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, स्मृतिभ्रंशानं हळूहळू लहान मूल झालेत. मुलगी त्यांना गाडीतून घेऊन जाते, वाटेत कामासाठी उतरते, आणि तेवढ्यात त्यांना रस्त्यानं जाणारा हत्ती दिसतो. ते गाडीतून उतरतात आणि हत्तीमागे चालू लागतात. पुढे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चारांत 'अस्तु'च मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, जरी त्यात म्हातारा गाडी चालवत नसला तरी. कारण 'बसवून ठेवलं की सुरक्षित' हा आपला समज तो मोडतो. माणसाला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं म्हणून त्याचं कुठेतरी जाणं थांबत नाही. त्याला जायचं असतंच. दार उघडलं की तो जातो.

एमएच-३७

आता गावाकडे येऊ. माझं गाव रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा मुलूख. जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे वयानं जवळपास माझ्याएवढाच. याच जिल्ह्याच्या काही तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. तिथे कार ताशी १२० नं जातात, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. आणि त्याच जिल्ह्यात पावसाळ्यात अशा पांदणी असतात की वावरात पोचायला चिखलातून चपला हातात घेऊन चालावं लागतं. आमचे म्हातारे या दोन टोकांच्या मधल्या रस्त्यावर गाडी चालवतात. गाडी म्हणजे आमच्याकडे मोटरसायकल किंवा लूना. चारचाकी असेल तर लोक 'फोरव्हीलर' म्हणतात.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८चा, मोठी दुरुस्ती २०१९ची. खासगी वाहन चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. तिशीच्या आत लायसन काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे ८१व्या वर्षी नूतनीकरण केलं की थेट ८६पर्यंत कोणी विचारणार नाही. त्या पाच वर्षांत काय काय होऊ शकतं हे घरात म्हातारं माणूस असलेल्यांना सांगायला नको.

चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-ए. हा फॉर्म एकदा वाचून बघा. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हातपाय नीट हलतात का, फेफरं वगैरे आहे का. वाईट प्रश्न नाहीत. प्रतिसादाला लागणारा वेळ, बाजूचं दिसणं आणि झगमगाटानंतर डोळे सावरणं हे तीन मुद्देही त्या फॉर्ममध्ये आहेत, पण ते धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरसाठी. वयाबरोबर नेमक्या याच तीन गोष्टी घसरतात. म्हणजे कायद्याला काय तपासायचं ते ठाऊक आहे. फक्त ते पेट्रोलच्या टँकरवाल्याला विचारलं जातं, ८१ वर्षांच्या लूनावाल्याला नाही. स्मरणशक्तीचा तर सगळ्यांच्याच बाबतीत नीट प्रश्न नाही.

आणि हे सगळं लायसन असणाऱ्यांसाठी. गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी आरटीओचं तोंड कधी पाहिलेलं नाही. त्यांनी आधी बैल हाकले, मग लूना घेतली.

हा 'आधी बैल' मुद्दा महत्त्वाचा आहे. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या म्हातारी माणसं मरेपर्यंत बंडी हाकत होती आणि 'यांनी आता बंडी हाकावी का' हा प्रश्न कोणाला पडला नसणार. कारण बंडीला स्वतःचे चार डोळे होते. हाकणारा डुलकी घेत असला तरी बैल वावरातून घरचा रस्ता धरायचे, खड्डा टाळायचे, समोर माणूस दिसला तर थांबायचे. आज ज्याला आम्ही 'ऑटोनॉमस व्हेइकल' म्हणतो आणि ज्याच्यावर जगभरच्या कंपन्या अब्जावधी डॉलर घालतायत, ते आमच्या आज्या-पणज्यांच्या गोठ्यात बांधलेलं होतं. वेगही जवळपास अल्विनच्या मशीनचाच. बैल विकून इंजिन घेतलं तेव्हा वेळ वाचला, चारा वाचला, पण बघण्याची आणि थांबण्याची सगळी जबाबदारी एकट्या माणसावर आली. तो तरुण होता तोवर हे जाणवलं नाही.

प्लग

आमच्या घरातली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण अशी गोष्ट तुमच्याही घरात चालू असेल. आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, वय ८३. रोज लूनानं वावरात जातात. संध्याकाळी परतताना समोरून एलईडी लाइटच्या गाड्या येतात. दोनदा रस्त्याच्या कडेला उतरले, एकदा पडले. घरच्यांचा व्हिडिओ कॉल झाला. बाबा, काका, आत्या, आणि पुण्याहून मी. ठरलं की भांडायचं नाही, गुपचूप प्लग काढून ठेवायचा आणि गाडी बिघडली म्हणून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तोंड पाडून सांगितलं, "आबाजी, गाडी खराब झाली हो. मिस्त्री आला की पाहू." आबाजींनी गाडीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "प्लग कुठी ठेवला थे सांग." चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं गाडी खोलणाऱ्या माणसाला आम्ही हे सांगत होतो. काका बोलेनात. आबाजी एसटीनं रिसोडला गेले, नवा प्लग आणला आणि दुपारी वावरात.

मग दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर वही घेऊन बसलो. आठवड्यात कुठे कुठे जाता, कशासाठी, किती वाजता, हे सगळं लिहून काढलं. वावर. बँक. दवाखाना. शेजारच्या गावातला एक जुना मित्र, ज्याच्याकडे ते दर गुरुवारी जातात. वावराची वाट पांदणीची, गाड्या नसलेली. बँक आणि दवाखाना महिन्यातून एकदा, त्याला एसटी आहे. सगळा धोका दोन ठिकाणी होता: डांबरी रस्ता आणि सूर्य मावळल्यानंतरची वेळ. आबाजी यादीकडे बघून म्हणाले, "गुरुवारचं काय?" मी म्हटलं, काका नेऊन सोडतील. त्यावर ते म्हणाले, "नेऊन सोडसान तुम्ही. पन वापस कोन आनन? त्याच्या दारात बसून तुमची वाट पाहू काय मी?"

नेऊन सोडणाऱ्याला आपण काम केल्यासारखं वाटतं. परत यायचं कधी हे मात्र त्याच्या सवडीवर राहतं. गप्पा रंगल्यात, अजून एक चहा झाला असता, की आजार सांगून झाले आणि आता कंटाळा आलाय, यातलं काहीही म्हाताऱ्याच्या हातात उरत नाही. स्वतःची गाडी असली की 'चाल, निंगतो' म्हणता येतं. किल्ली म्हणजे मुख्यतः हे वाक्य म्हणायचा अधिकार.

तरीही

इथे थांबून फक्त हळवं होणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजू नीट मांडायला हवी. १९ एप्रिल २०१९ला टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका माजी उच्च सरकारी अधिकाऱ्याची कार भरधाव पादचाऱ्यांत घुसली. सायकलवरून जाणारी तिशीतली आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्यानं कोर्टात गाडीत बिघाड होता असं सांगितलं. कोर्टानं ते मानलं नाही, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबल्याचं धरलं आणि २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. चूक गाडीची, हे डेझीही म्हणते. सिनेमात त्यावर हसू येतं. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनच्या ९७ वर्षांच्या प्रिन्स फिलिपची कार दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली होती. त्या गाडीत नऊ महिन्यांचं बाळ होतं. बाळ सुखरूप राहिलं. तीन आठवड्यांनी प्रिन्सनं लायसन परत केलं.

'तरुण पोरंच जास्त अपघात करतात' हे आबाजींचं म्हणणं खरं आहे. देशातल्या रस्ते अपघातांच्या सरकारी अहवालात दरवर्षी सर्वाधिक बळी १८ ते ४५ वयोगटातले असतात. पण त्यानं म्हाताऱ्यांचा प्रश्न रद्द होत नाही. रस्त्यावरच्या पोराला धडक देणाऱ्याचं वय कळून काही फायदा नसतो. म्हणून 'त्यांचं वय झालंय, चालवू द्या हो, काय राहिलंय आता' हे प्रेम मला मान्य नाही. त्या प्रेमाची किंमत तिसराच कोणी देतो.

जपाननं यावर जे केलं ते बघण्यासारखं आहे. तिथे १९९८पासून लायसन आपणहून परत करायची सोय आहे. ७५ वर्षांनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. वाहतुकीचे ठराविक नियम मोडले असतील तर २०२२पासून प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. इकेबुकुरोच्या अपघातानंतर, २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी लायसन परत केलं. आणि परत करणाऱ्याला हात हलवत घरी पाठवत नाहीत. त्याला एक कार्ड मिळतं, ज्यावर त्याच्या ड्रायव्हिंगचा पूर्वेतिहास प्रमाणित केलेला असतो. अनेक ठिकाणी ते दाखवून बस-टॅक्सीत सवलत मिळते. मला या कार्डाची कल्पना फार आवडली. 'तुम्ही आता नालायक आहात' असं न म्हणता ते 'तुम्ही इतकी वर्षं चालवलीत' असं म्हणतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत याच्या अलीकडची पायरी आहे: फक्त दिवसा, फक्त घरापासून अमुक अंतरापर्यंत, अशा अटी घातलेलं लायसन.

आमच्या भाषेत सांगायचं तर आपला कायदा चालू-बंद बटणासारखा आहे आणि म्हातारपण व्हॉल्यूमसारखं हळूहळू कमी होत जातं. मधल्या पायऱ्या कायद्यात हव्यात. एक पायरी तर नकळत आहेसुद्धा. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची बॅटरीवरची दुचाकी आपल्या नियमांत मोटार वाहनच धरली जात नाही, तिला लायसन लागत नाही. अल्विनचं गवत कापायचं मशीन ते हेच. पांदणीसाठी ती चांगली आहे. ट्रकच्या रस्त्यावर मात्र फार हळू असणं हाही धोकाच.

वेळापत्रक

आता सुरुवातीला राहिलेला प्रश्न. 'द स्ट्रेट स्टोरी'च्या शेवटी अल्विन भावाच्या घरी पोचतो. दोघं ओसरीवर बसतात, फार बोलत नाहीत, वर आकाश. सिनेमा संपतो. अल्विन घरी परत कसा गेला? लिंच ते सांगत नाही. पुन्हा तेवढेच आठवडे त्या मशीनवर? की कोणी सोडलं? पोचण्यावर सिनेमा होतो, परतण्यावर होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्यात मात्र परतणंच अवघड असतं.

आपल्याकडे याचं उत्तर अर्धं तयार आहे. ज्या १९४८ मध्ये डेझीची गाडी शेजाऱ्याच्या आवारात घुसते, त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. ऑगस्ट २०२२पासून राज्यात ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ला अर्धं तिकीट. ज्या वयाला जपान परीक्षा घेतं, नेमक्या त्याच वयाला महाराष्ट्र तिकीट माफ करतो. दोन्ही एकत्र करायला कोणाची हरकत आहे? ७५ला दोन वर्षांनी एकदा खरी तपासणी, अटींचं लायसन, ते परत करणाऱ्याला मानानं कार्ड.

पण फुकट तिकिटाला बस लागते. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा गावोगावचे म्हातारे अचानक आहेत तिथेच अडकले. संप नसतानाही प्रश्न तिकिटाचा कमी आणि वेळेचा जास्त असतो. जाणारी गाडी सकाळी मिळते. परतीची चुकली तर पुढची कधी, हे स्टँडवरच्या लोकांना विचारावं लागतं. म्हाताऱ्यांची गाडी सोडवायची असेल तर संध्याकाळची एक नक्की परत आणणारी बस, उन्हात बसायला एक शेड, आणि पायरी चढताना थांबणारा ड्रायव्हर, एवढ्यानं बरंच काम होईल. समृद्धीच्या एका पुलाच्या खर्चात किती गावांच्या संध्याकाळच्या फेऱ्या वर्षभर चालतील, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

तोवर घरात ठरवावं लागतं, आणि ठरवणारे बहुतेक वेळा दूरवर फोन धरून बसलेले आपणच असतो. प्लग काढून ठेवू नका. वही घ्या. कुठे, कशाला, किती वाजता, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ज्या फेऱ्यांत दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात येतो त्या थांबवा, स्पष्ट सांगून थांबवा, रुसवा आला तर सहन करा. आणि थांबवलेल्या प्रत्येक फेरीपुढे दोन नावं लिहा: नेणार कोण, आणि ते 'चल' म्हणतील तेव्हा आणणार कोण. दुसरा रकाना रिकामा राहत असेल, तर त्यांची किल्ली मागायला जाण्याआधी तो भरा.